लिंकनचा कार्ब्युरेटर

डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. त्यातल्या एका काळ्या, लांबलचक लिंकन कॉन्टिनेन्टलपाशी कायम गर्दी असते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती हीच गाडी. लोक मागच्या सीटकडे बघतात, हळू आवाजात काहीतरी बोलतात आणि पुढे सरकतात. पुण्याहून आलेल्या आमच्या काकांनी मात्र मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "काय रे, हिला कार्ब्युरेटर कुठला?"

काकांची निम्मी हयात स्कूटरचा जेट फुंकून साफ करण्यात गेली. त्यामुळे प्रश्न त्यांना शोभेसाच होता, पण उत्तर मला देता येईना. घरी येऊन शोधत बसलो, तर त्या प्रश्नाच्या पोटात एक अख्खी गोष्ट निघाली.

गोष्ट सुरू होते १९५० च्या दशकात. तेव्हा अमेरिकन कंपन्यांमध्ये हॉर्सपॉवरची चढाओढ लागली होती. १९५५ मध्ये क्रायस्लरने चार बॅरलचे दोन कार्ब्युरेटर लावून ३०० हॉर्सपॉवरची गाडी काढली. १९५८ च्या कॅडिलॅक एल्डोराडोवर दोन बॅरलचे तीन कार्ब्युरेटर होते आणि ताकद ३३५. लिंकन मागे कशाला राहील? त्यांनी त्याच वर्षी ४३० घन इंचांचं, म्हणजे ७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. त्यावर चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ताकद ३७५ हॉर्सपॉवर. गाडीची लांबी १९ फूट!

पण नेमकं तेच वर्ष मंदीचं निघालं. एवढी अजस्र, पेट्रोल पिणारी गाडी घ्यायला फारसं कोणी पुढे येईना. लिंकन तोट्यात गेली. फोर्डमधले हिशेबाचे पक्के गृहस्थ रॉबर्ट मॅकनामारा (हेच पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झाले) लिंकन बंदच करून टाकावी अशा विचारात होते.

आता त्या ४३० इंजिनाचे आकडे ओळीने बघा. १९५८ मध्ये ३७५, १९५९ मध्ये ३५०, १९६० मध्ये ३१५ आणि १९६१ मध्ये ३००. इंजिन तेच, आकार तोच, आणि ताकद दर वर्षी कमी! १९६० मध्ये तर चार बॅरलचा कार्ब्युरेटर काढून दोन बॅरलचा साधा कार्टर बसवला. तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे: १९६१ च्या कॉन्टिनेन्टलला कार्टरचा टू-बॅरल.

ज्यांनी कार्ब्युरेटर कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कार्ब्युरेटर म्हणजे मुळात एक अरुंद गळा. इंजिन हवा ओढतं, गळ्यात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोलचा फवारा उडतो. गळा मोठा ठेवला तर भरधाव वेगात इंजिनाला भरपूर हवा मिळते. पण गावातून हळू चालवताना त्याच मोठ्या गळ्यात हवा संथ होते, ओढ पडत नाही, पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि गाडी गचके खाते. चार बॅरलची युक्ती अशी की एरवी दोनच गळे काम करतात, पाय जोरात दाबला की उरलेले दोन उघडतात. युक्ती झकास आहे, पण ते दुसरे दोन कधी आणि किती उघडायचे याचा मेळ बसवावा लागतो. जितके भाग जास्त तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

आणि लिंकन घेणारा माणूस शर्यत थोडाच लावणार होता? सव्वादोन टनांची गाडी आवाज न करता सुटावी, सिग्नलला बंद पडू नये, हिवाळ्यात सकाळी चालू व्हावी, एवढंच त्याला हवं. ७ लिटरच्या इंजिनाला त्यासाठी दोन बॅरल पुरतात.

१९६१ ची कॉन्टिनेन्टल एल्वूड एंगेल यांच्या चमूने रेखाटली. आधीच्या वर्षीपेक्षा सव्वा फुटाने आखूड, क्रोमचा सोस नाही, मागचे दरवाजे उलटे उघडणारे. लिहिणारे बहुतेक तिच्या रूपावरच लिहितात. मला मात्र मिशिगनमधल्या विक्सम कारखान्यात काय चालायचं ते जास्त आवडलं. तिथे प्रत्येक इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर ३ तास चालवायचे. मग ते पूर्ण खोलून प्रत्येक भाग डोळ्यांनी तपासायचे आणि पुन्हा जोडायचे. प्रत्येक गिअरबॉक्स गाडीत बसवण्याआधी अर्धा तास चालवायचे. तयार गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून जवळजवळ २०० गोष्टी तपासायच्या. शेवटी ऑइलमध्ये चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली गळती शोधायची. एवढं करून २ वर्षं किंवा २४ हजार मैलांची वॉरंटी दिली. ९० दिवस किंवा ४ हजार मैलांची वॉरंटी अमेरिकेत नेहमीची होती, त्याला फार दिवस झाले नव्हते! त्या वर्षी सुमारे २५ हजार गाड्या खपल्या आणि लिंकन वाचली.

इथे मला मोह होतो म्हणायचा, की बघा, कमी तेच चांगलं. पण १९६३ मध्ये कंपनीने चार बॅरलचा कार्ब्युरेटर परत आणला आणि ताकद ३२० वर नेली. गाडी काही त्यामुळे बिघडली नाही. उलट उदाहरण कॅडिलॅकचं. १९८२ मध्ये त्यांनी ४.१ लिटरचं नवं इंजिन आणलं. त्याला कार्ब्युरेटर नव्हताच, संगणकाने चालणारं फ्युएल इंजेक्शन होतं, आणि ताकद फक्त १२५. पण ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेड बिडाचे, आणि सगळं घाईने बाजारात आणलेलं. कूलंट ऑइलमध्ये मिसळू लागलं, इंजिनं बसू लागली आणि कॅडिलॅकच्या नावाला जो डाग लागला तो पुसायला फार वर्षं गेली. म्हणजे भरवसा ना दोन बॅरलमध्ये असतो ना चारमध्ये. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी कोणी खोलून बघितलं का, यात असतो.

आज या लिंकन साठीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे तोच जुना प्रश्न नव्याने उभा आहे. मूळ कार्टर दुरुस्त करून वापरावा, की नवा चार बॅरलचा आणून बसवावा? आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला आणि वॉशरना खातं. (भारतातल्या जुन्या स्कूटरवाल्यांनी २० टक्के इथेनॉल आल्यावर हेच अनुभवलं असेल.) गाडी अडखळली की पहिला संशय बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो. जुने मेकॅनिक मात्र सांगतात की आधी पॉइंट, प्लग आणि वायरी बघा, कार्ब्युरेटरचे निम्मे आजार इग्निशनमध्ये निघतात. ते बघून झालं की रबरी भाग नवे टाका, फ्लोटची पातळी नीट लावा. साठ वर्षं चाललेली वस्तू एवढ्यावर अजून चालते. नवा मोठा कार्ब्युरेटर बसवायचा तर खालचा मॅनिफोल्डही बदलावा लागतो, आणि मग एकातून दुसरं निघत जातं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. म्युझियममधल्या त्या गाडीत आता मूळ इंजिन नाही हेही सांगितलं. हत्येनंतर गाडी भंगारात न काढता चिलखत चढवून पुन्हा कामाला लावली, वाढलेल्या वजनासाठी जास्त ताकदीचं इंजिन घातलं, आणि १९७७ पर्यंत ती राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत होती. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "प्रत्येक इंजिन खोलून बघायचे म्हणतोस? प्रत्येक?"

"हो, प्रत्येक."

"मग चालणारच की," ते म्हणाले, आणि स्कूटरच्या नव्या मेकॅनिकची तक्रार सांगू लागले.