वारणेचे संगणक आणि ग्रंथपालाची खुर्ची

1998 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातली सुमारे 70 गावे संगणकाने जोडायची आणि शेती-शिक्षणाबरोबर आरोग्याची माहितीही लोकांपर्यंत न्यायची, असा त्याचा संकल्प होता. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेली सहकारी साखर कारखान्याची घडी त्यामागे होतीच. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना आढळले, की गावोगावचे संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच वापरले जात आहेत. तेच काम त्यांनी मग मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. एवढ्यावरून प्रकल्प फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. उसाचा हिशेब चालला, कारण त्या माहितीला वाली होता: लागण नोंदवणारा चिटबॉय, वजन घेणारा काट्यावरचा माणूस, बिल काढणारा कारकून. आरोग्याच्या माहितीलाही तसाच जबाबदार माणूस लागतो, आणि माझ्या मते तो म्हणजे डॉक्टरांच्या बरोबरीने काम करणारा ग्रंथपाल.

ही कल्पना नवी नाही. 1971 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांच्या राउंडमध्ये सामील करून घेतले. खाटेपाशी प्रश्न निघाला, की त्यावरचे संशोधन शोधून, पारखून डॉक्टरांच्या हाती द्यायचे, हे त्यांचे काम. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोचेस्टरच्या पाहणीत सुमारे 80 टक्के डॉक्टरांनी सांगितले, की ग्रंथालयाने दिलेल्या माहितीमुळे आपण रुग्णाच्या उपचारात काहीतरी बदल केला. हे डॉक्टरांचे स्वतःचे सांगणे आहे, रुग्ण किती बरे झाले याचे मोजमाप नव्हे. तरीही ते दुर्लक्षून चालणार नाही. यावर कोणी म्हणेल, वैद्यकीय लेख शोधण्याचे पबमेड हे संकेतस्थळ 1997 पासून सर्वांना मोफत आहे, डॉक्टर स्वतःच शोधतील. पण 2001 मध्ये जॉन्स हॉपकिन्ससारख्या नामांकित संस्थेत एका संशोधनात सहभागी झालेली निरोगी तरुणी औषध हुंगवल्यानंतर दगावली. त्या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेच्या नोंदी 1950 च्या दशकातल्या लेखांत होत्या, आणि पबमेडचा संग्रह तेव्हा 1966 पासूनचा होता. साधनाच्या कक्षेबाहेर काय राहिले आहे हे ओळखणे, हीच ग्रंथपालाची विद्या.

खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिकांच्याच जागा रिकाम्या असतील, तर ग्रंथपाल कुठून आणायचा? पण प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र माणूस लागतोच असे नाही. वारणानगरात महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच वसाहतीत आहेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला प्रशिक्षित माणूस आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयाला देता येईल. एकट्याला न परवडणारी गोष्ट वाटून घेणे या खोऱ्याला शिकवावे लागत नाही. शिवाय ज्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच, देशात सर्वांत आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्याच्या मुलखात ग्रंथपालाचे काम परके नाही. त्याची खुर्ची वाचनालयातून उचलून वॉर्डाशेजारी ठेवायची आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात सर्पदंशाचा रुग्ण दाखल होण्याआधी ठेवायची आहे.