वचन आणि वाचन

तिलवारा घाटी १९४८ साली गांधीजींच्या अस्थी नर्मदेत विसर्जित झाल्या. लंडनला शिकत असता एका ख्रिस्ती गृहस्थाने त्यांना बायबल वाचावयास सुचविले व त्यांनी तसे वचन दिले. जुना करार वाचताना तर झोपच येई! परंतु दिला शब्द मोडवेना. पुढे गिरिप्रवचन हृदयाला भिडले.

नारायण वामन टिळकांचेही असेच. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. आरंभी मन रमेना. पण पेन्सिलीने खुणा करीत ग्रंथ तडीस नेण्याचा त्यांचा परिपाठ. गिरिप्रवचनापाशी ते खिळले. १८९५ त त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गांधीजी हिंदूच राहिले. तरी १९२६ साली गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांबरोबर नवा करार वाचीत, आणि त्यापायी स्वकीयांची बोलणीही खात.