जुन्या अ‍ॅक्सेस डेटाबेसमध्ये युजर परमिशन कशा सांभाळाल?

ऑफिसमधली जुनी .एमडीबी फाइल आता तुमच्याकडे आली आहे? मग आधी तिच्या जोडीची .एमडीडब्ल्यू फाइल शोधा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस २००३ पर्यंत युजर, ग्रुप आणि पासवर्ड याच फाइलमध्ये सेव्ह व्हायचे. कोणाला कोणतं टेबल उघडता येईल, ही परमिशन मात्र .एमडीबीमध्येच असते. म्हणून दोन्ही फाइल्सचा बॅकअप घ्या.

परमिशन देताना एकेका युजरला न देता ग्रुपला द्या. ‘युजर्स’ ग्रुप नक्की तपासा. त्यात प्रत्येक जण आपोआप असतो, म्हणजे त्याला दिलेली परमिशन सगळ्यांनाच मिळते.

लक्षात ठेवा: अ‍ॅक्सेस २००७ सोबत आलेल्या .एसीसीडीबी फॉरमॅटमध्ये ही सोय नाही. घाईत कन्व्हर्ट केलंत, तर परमिशन जातात आणि पगाराचं टेबलही सगळ्यांसाठी खुलं होतं.