अध्यापनाच्या ओघात

विद्या दिल्याने वाढते, हे आपण लहानपणीच पाठ करतो. तिची कायदेशीर कसोटी मात्र झेरॉक्सच्या दुकानात लागली. दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दावा लावला. वाद होता अभ्यासक्रमातील उताऱ्यांच्या बांधीव संचांचा. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ अध्यापनाच्या ओघात प्रती काढण्यास मुभा देते. पण अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान काय? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा संकुचित अर्थ नाकारला. उताऱ्यांवर टक्केवारीची मर्यादा न घालता अध्यापनाची गरज हाच निकष मानला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. लेखकाचा हक्क त्यामुळे संपला नाही. त्याच्याशेजारी वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्कही उभा राहिला.