मुसळाला मज्जाव

लग्नघरी बायका जमतात, गातात, विहिणीची टवाळी करतात, या गोष्टीची दखल राज्यसत्तेने घ्यावी आणि तिच्या बंदोबस्तासाठी कलमवार जाहीरनामा काढावा, असे इतिहासात क्वचितच घडते. गोमंतकात ते 14 एप्रिल 1736 रोजी घडले. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाने, त्या दिवशी काढलेल्या फर्मानात, ख्रिस्ती झालेल्या प्रजेने लग्नात काय काय करू नये याची जी लांबलचक याद आहे, तीत हळद लावणे, पानफूल पाठवणे, हिंदू वाजंत्री बोलावणे यांच्या पंक्तीला भात कांडण्याचा सोहळा आणि ओव्या गाणे हेही बसवलेले आहे. अ. का. प्रियोळकरांच्या 1961 सालच्या इन्क्विझिशनविषयक ग्रंथात ती याद मुळातूनच वाचावी. भात कांडू नका असे फर्मानाचे म्हणणे नव्हते. चार घरच्या बायकांनी एकत्र येऊन, गात गात, समारंभाने ते कांडणे हा अपराध होता.

या फर्मानाचा अंमल शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर संपत असे. पलीकडचा पेडणे महाल तेव्हा वाडीकर सावंतांच्या मुलखात होता. 1746 साली पोर्तुगीजांनी पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला, पुढे मुलूख त्यांच्या हातचा गेला, आणि 1788 साली खेम सावंताकडून पेडणे कायमचे त्यांच्याकडे आले, तेव्हा धर्मांतराचा तो जुना आवेश ओसरलेला होता. नव्या काबिजादीतील, म्हणजे उशिरा जिंकलेल्या मुलखातील, रयतेच्या आचारधर्मात हात न घालण्याचे धोरण ठरलेले होते. 1812 साली इन्क्विझिशनही मोडीत निघाले. त्यामुळे बांद्याच्या सरहद्दीला खेटून असलेल्या मोप्याच्या सड्यावर मुसळाचा आवाज एकाही पिढीत बंद पडला नाही. एका नदीने बायकांचे हसणे वाचवले, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

मोपा, तोरसे, वारखंड या बाजूच्या लग्नघरात मुहूर्ताच्या दिवशी पाच सवाशिणी मुसळाला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधीत, उखळाची पूजा करीत आणि मग खऱ्या कामाला लागत. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने घाव घालीत. एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली आले पाहिजे, ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळायचे. तिसरी, बाहेर उडालेले दाणे दोन घावांमधल्या क्षणात हाताने आत लोटी, आणि हे धाडस ती ओवीच्या ठेक्यावर विसंबूनच करीत असे. चौथी सुपाने तूस पाखडी. ओव्यांत प्रथम गणपती, मग ग्रामदेवता सातेरी-रवळनाथ, मग नवरानवरी, आणि एकदा देवांचे देणे फिटले की व्याही-विहिणींचा समाचार. विहिणीचे नाक, नवऱ्या मुलाचा बावळटपणा, वरपक्षाचा अधाशीपणा यांवर तिथल्या तिथे ओवी रचली जाई. एरव्ही नवऱ्याचे नाव तोंडाने न घेणाऱ्या बाईला उखाण्यात ते घ्यावे लागे. आणि त्यातला तिचा लाजरा विलंब, त्यावर मैत्रिणींचा गलका, हीच त्या काळची प्रणयविनोदी कादंबरी होय. बालमैत्रिणी माहेरी सोडून आलेल्या मुलीला सासरच्या वाड्यात नव्या मैत्रिणी मिळत त्या याच उखळापाशी. मजुरी कोणी घेत नसे. आज तुझ्या दारी, उद्या माझ्या दारी, हा हिशेब मनातल्या मनात, पण अत्यंत काटेकोर राहत असे.

या विनोदाला धार का होती, हे 1880 सालची गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता वाचली म्हणजे उमगते. वयाच्या पंचविशीपर्यंत मूल न झालेल्या स्त्रीच्या नवऱ्याला दुसरी बायको करण्याची तीत मुभा होती. असे कलम डोक्यावर टांगते असताना ज्या बायका सासरच्या माणसांची नक्कल करून हसत होत्या, त्यांना भोळ्या म्हणणे मला पटत नाही.

त्यांच्या हास्याला आणखी एक हक्काची जागा होती. पौषातल्या चांदण्या रात्री गावच्या मांडावर, म्हणजे ठरलेल्या पवित्र जागी, धालो उभे राहत. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर झुकत गाणी म्हणत, आणि अखेरच्या रात्री पुरुषांचे कपडे चढवून सोंगे काढीत. दिवसभर ज्यांच्यापुढे पदर सांभाळायचा, त्यांचीच चाल आणि त्यांचाच खाकरा मांडावर अवतरत असे.

गिरणी आली आणि कांडण संपले. त्याचा शोक करण्याचे कारण नाही, कारण खांदे भरून येत ते बायकांचेच. 11 डिसेंबर 2022 रोजी मोप्याच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले, लग्ने सभागृहांत गेली, नोकरीच्या पाळ्या सांभाळणाऱ्या मैत्रिणींना एक दुपार एकत्र मिळणे दुरापास्त झाले. मुहूर्ताला मुसळ अजून उचलतात, पाचसहा घावांपुरते. धालो-फुगडीच्या स्पर्धाही भरतात, त्यांत बायका हौसेने उतरतात आणि बक्षिसे मिळवतात. विहिणीच्या नाकावरची ओवी मात्र परीक्षकांसमोर म्हणायला चांगल्या गाणाऱ्या बाईलाही संकोच वाटणारच.