शब्दवेध : संयुजा

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला विद्यार्थी हिंदीत ‘संयोजकता’ शिकतो, महाराष्ट्रातला ‘संयुजा’. दोन्हींचे मूळ एकच : ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘युज्’ म्हणजे जोडणे. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ही याच धातूचे. इंग्रजी ‘व्हॅलन्सी’ मात्र सामर्थ्यवाचक लॅटिन शब्दातून आली. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो, कारण संयुजा हे एकट्या अणूचे बळ नव्हे, ते नाते आहे. आवर्तसारणीत सोडिअमच्या बाह्यतम कक्षेत १ इलेक्ट्रॉन, मॅग्नेशिअमच्या २, ॲल्युमिनिअमच्या ३. तितक्याच त्यांच्या संयुजा. क्लोरीनकडे मात्र ७ असूनही हायड्रोजनशी जुळताना त्याची संयुजा १, कारण अष्टक पुरे व्हायला एकच इलेक्ट्रॉन हवा असतो.

कोणी म्हणेल, बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजले की संख्या कळतेच, मग नात्याचा आग्रह कशाला? उत्तर बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतून निघणाऱ्या मँगनीजमध्ये आहे. मँगनीज डायऑक्साइडमध्ये त्याची संयुजा ४, पोटॅशिअम परमँगनेटमध्ये ७. मूलद्रव्य तेच राहिले, जोडणी बदलली. निऑन सहसा कोणाशीच जुळत नाही, म्हणून त्याची संयुजा शून्य. इथेही शब्द खरा ठरतो. शिक्षकांनी संख्या पाठ करून घेण्याआधी ही फोड फळ्यावर लिहावी. अर्थ कळला की संख्या लक्षात राहते.