आयिया इरिनीचे मृण्मय योद्धे

मातीच्या सैनिकांचा उल्लेख झाला की चीनमधील शिआनजवळची सम्राटाची सेना डोळ्यांसमोर उभी राहते. ती उजेडात आली १९७४ साली. त्याआधी पंचेचाळीस वर्षे, १९२९ मध्ये, सायप्रस बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळील आयिया इरिनी या खेड्यात सुमारे दोन हजार मृण्मूर्ती सापडल्या होत्या. त्यांनाही ‘सेना’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. हा शब्द सोयीचा आहे, परंतु त्यामुळे या मूर्तींचा अर्थच झाकला जातो, असे मला वाटते.

शोधाची हकिकत थोडक्यात अशी. गावचा ख्रिस्ती धर्मगुरू एका मृण्मूर्तीचा तुकडा घेऊन निकोसियाच्या संग्रहालयात आला. त्या वेळी आयनार येरस्टाड यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश संशोधकांची मोहीम (१९२७-१९३१) बेटावर काम करीत होती. त्यांनी तेथे उत्खनन हाती घेतले, तेव्हा उघड्यावरचे एक देवस्थान आणि त्यातील वेदी सापडली. वेदीभोवती अर्धवर्तुळाकार रांगांत मूर्ती उभ्या होत्या. लहान पुढे, मोठ्या मागे. काही तळहातावर मावतील एवढ्या, तर काही जवळजवळ पुरुषभर उंचीच्या. वाळू आणि गाळाखाली गाडल्या गेल्याने त्या जागच्या जागी राहिल्या होत्या. पुरातत्त्वात असे भाग्य क्वचित लाभते. एरवी देवस्थानांतील जुनी अर्पणे खड्ड्यांत टाकलेली सापडतात आणि कोण कोणाशेजारी उभा होता, हे कायमचे पुसले जाते.

या मूर्ती प्रामुख्याने इ.स.पू. ६५० ते ५०० या काळातील. म्हणजे दीडशे वर्षे, पाच-सहा पिढ्या. शिआनची सेना एका सम्राटाच्या इच्छेने, त्याच्या एकट्याच्या कबरीसाठी घडवली गेली. येथे हुकूम देणारा कोणी नाही. कोणी एक मूर्ती आणून ठेवली, काही वर्षांनी दुसऱ्याने तिच्याजवळ आपली ठेवली, आणि गर्दी वाढत गेली. मराठीत यासाठी ‘नवस’ हा शब्द चटकन ओठांवर येतो. तो जपूनच वापरायला हवा, कारण नवसात मागणे आणि फेड असा व्यवहार गृहीत असतो. येथील माणसांनी काय मागितले, हे सांगणारा एकही लेख त्या मूर्तींवर नाही. देवाचे नावही ठाऊक नाही. वृषभाशी त्याचा संबंध असावा, एवढे मात्र दिसते: बैलाचे मुखवटे चढवलेले पुरुष आहेत, आणि माणसाचे धड व बैलाचे शरीर असलेले अद्भुत प्राणीही आहेत. स्त्रियांच्या मूर्ती जवळजवळ नाहीतच.

मग यांतील ‘योद्धे’ नेमके किती? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुष्कळ डोक्यांवर उंच, निमुळते शिरोवेष्टन आहे. ते शिरस्त्राण की साधी टोपी, हे मातीवरून नेहमी सांगता येत नाही. बहुतेक जण हात शरीरालगत सोडून स्तब्ध उभे आहेत, काहींच्या हातांत अर्पणाची वस्तू आहे. निःसंशय शस्त्रधारी, घोडेस्वार आणि चार घोड्यांच्या रथांतील माणसे त्या गर्दीचा एक भागच आहेत. पण नजरेत भरतात तेच, आणि वर्णन करणाऱ्याची लेखणीही तिकडेच वळते.

तरीही हे रथ कुंभाराच्या कल्पनेतले नव्हेत. सालामिस येथील इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतील राजेशाही थडग्यांच्या प्रवेशमार्गांत रथांचे अवशेष व बळी दिलेले घोडे सापडले आहेत. इ.स.पू. ४९८ च्या सुमारास इराण्यांविरुद्ध झालेल्या लढाईत सायप्रसचे रथ उतरले होते, असे हेरोडोटस सांगतो. ग्रीसमध्ये तोवर रथ शर्यतींपुरता उरला होता. आता याच काळातील राजकारण पाहा. इ.स.पू. ७०७ च्या सुमाराच्या शिलालेखात असिरियाचा राजा दुसरा सारगोन सायप्रसच्या सात राजांनी आपल्याला खंडणी दिल्याचे नोंदवतो. पुढे इजिप्तचे वर्चस्व आले, मग इराणचे. बेटावरील राजे कोणाचे ना कोणाचे मांडलिक होते, आणि नेमक्या त्याच शतकांत ग्रामीण देवस्थानात मातीचा माणूस रथात चढून देवापुढे उभा राहत होता. मला त्यात युद्धाची तयारी दिसत नाही. ज्याला घोडा व तलवार बाळगण्याचा मान होता, किंवा तो असावा असे ज्याला वाटत होते, त्याने स्वतःचे ते रूप देवापाशी कायमचे ठेवले असावे. शेतात, घरात, प्रवासात असतानाही तो वेदीसमोर हजर राहणार होता.

म्हणूनच मूर्तींमधील बारीक फरक महत्त्वाचे ठरतात. लहान मूर्तींचे धड ओबडधोबड, केवळ मातीची वळी; नाक चिमटीने काढलेले. मोठ्या मूर्ती आतून पोकळ. दाढी, भुवया, कान काळजीने घडवलेले, वर काळा-तांबडा रंग. ऐपत वेगळी, पण रांग एकच.

ती रांग पुढे तुटली. सायप्रस तेव्हा ब्रिटिश वसाहत होते आणि उत्खननातील वस्तूंची वाटणी करण्याची पद्धत होती. त्यानुसार आयिया इरिनीच्या मूर्तींचा मोठा वाटा स्टॉकहोमला गेला, उरलेल्या निकोसियात राहिल्या. दोन्हीकडे त्या पुन्हा अर्धवर्तुळात मांडल्या गेल्या. ज्या खेड्यात त्या उभ्या होत्या, ते १९७४ च्या फाळणीनंतर बेटाच्या तुर्कनियंत्रित उत्तर भागात गेले.